उजनीच्या पाण्यावर कुरव कसे ओळखावेत

थंडीत पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याला लागा, भिगवणला वळा आणि कुंभारगाव किंवा डिकसळचा काठ गाठा. उजनी धरणाच्या या पसाऱ्यात डिसेंबर ते फेब्रुवारी कुरव, म्हणजे सीगल पक्षी, हमखास भेटतात. उजाडता उजाडता पोचा. होडीत बसताना नावाड्याला एवढंच सांगा, "काका, ऊन पाठीशी राहू द्या." उन्हासमोर सगळे कुरव काळेच दिसतात.

आधी कुरव की सुरय (इंग्रजीत टर्न), ते ठरवा. सुरय सडपातळ, शेपटी दुभंगलेली. कुरव अंगाने भरलेला, पाण्यावर बदकासारखा निवांत तरंगणारा.

थव्यात एखादा बाकीच्यांपेक्षा चांगलाच थोराड दिसला आणि पिवळ्या चोचीच्या टोकाशी काळा-लाल पट्टा असला, तर तो पल्लासचा कुरव.

खरी पंचाईत उरलेल्या दोघांची: तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा. नावावर जाऊ नका. हिवाळ्यात दोघांचंही डोकं पांढरं, डोळ्यामागे फक्त एक गडद डाग. त्यात 'काळ्या डोक्याचा' म्हणतात त्याचं डोकं विणीच्या दिवसांतही खरं तर गडद तपकिरीच असतं!

म्हणून पक्षी उडेपर्यंत धीर धरा. पंखाचं टोक रुंद काळं आणि त्या काळ्यात ठळक पांढरे ठिपके असतील, तर तपकिरी डोक्याचा. पंखाच्या पुढच्या कडेला लांब पांढरी पाचर आणि काळा रंग टोकाच्या मागच्या कडेपुरता, तर काळ्या डोक्याचा. होडी जवळ गेली की दुर्बीण डोळ्यावर आणा. पहिल्याचं बुबुळ फिकट पांढुरकं, नजर रोखून बघितल्यासारखी. दुसऱ्याचा डोळा काळाभोर, मवाळ. मला स्वतःला ही डोळ्याची खूण सगळ्यांत आवडते.

शेपटीच्या टोकाला काळी पट्टी असेल, तर ते गेल्या उन्हाळ्यातलं पिल्लू. त्याचा डोळा गडदच असतो, पंखावर पांढरे ठिपकेही नसतात. तिथे टोकाचा काळा भाग किती रुंद, यावरच ठरवा.

फोटोसाठी शेव-फरसाण टाकू नका, कुणी टाकत असेल तर थांबवा. ते त्यांचं खाणं नव्हे.

आणि फेब्रुवारीच्या शेवटी पुन्हा एक चक्कर मारा. एकेकाच्या चेहऱ्यावर गडद पिसं चढू लागलेली असतात, डोकं अर्धं पांढरं, अर्धं तपकिरी. थोड्याच आठवड्यांत तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटकडच्या उंच सरोवरांवर घरटी करायला निघतात.