कोकणात गुलाबाचे अत्तर काढायला निघालात? या चुका टाळा

दापोलीच्या किनाऱ्यालगत गेली काही वर्षे मी घरच्या फुलांचे गुलाबजल काढते, आणि दर पावसाळ्यानंतर कोणी ना कोणी त्याच तक्रारी घेऊन ओटीवर येते: झाड आहे पण फूल नाही, फूल आहे पण वास नाही, किंवा वास होता पण भट्टीत तो कुठे गेला ते कळत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक जातीची आहे आणि ती मी स्वतः केलेली आहे. अत्तराचा गुलाब म्हणजे दमास्क, असे वाचून मी उत्तरेकडच्या एका रोपवाटिकेतून चाळीस रोपे पार्सलने मागवली आणि खत, आळी, शेणकाला यांत काही कमी पडू दिले नाही. दोन वर्षे नुसता पाला माजला. तिसऱ्या वर्षी अकरा फुले आली, तीही मी कौतुकाने मोजली म्हणून आकडा लक्षात आहे. दोष रोपांचा नव्हता. बल्गेरियातील कझानलाक, तुर्कस्तानातील इस्पार्ता किंवा कनौजच्या अत्तराच्या भट्ट्यांना फुले पुरवणारा उत्तर प्रदेशातील हसायनचा परिसर, येथे हिवाळा खरोखर हिवाळ्यासारखा असतो. दमास्क त्या थंडीत विसावतो आणि ती ओसरल्यावर वर्षातून एकदाच भरभरून फुलतो. आमच्याकडे पौषातही एक गोधडी पुरते, तेव्हा त्या झाडाने विसावायचे केव्हा? फ्रान्समधील ग्रास गावचा सेंटिफोलिया गुलाब, जो १९२१ साली आलेल्या शनेल नंबर पाच या अत्तरामुळे सर्वांना ठाऊक झाला, त्याच्या नादी तर लागूच नये.

किनाऱ्यावर मी एडवर्ड किंवा गुलकंदाचा गावठी गुलाब लावते. एडवर्डमध्ये दमास्कच्या जोडीने चिनी गुलाबाचे रक्त आहे, म्हणून तो वर्षातून अनेकदा फुलतो. वास दमास्कइतका खोल नाही, परंतु आहे तो खरा आहे. फुलवाल्याकडचा लांब दांड्याचा गुलाब फुलदाणीत टिकण्यासाठी तयार केलेला असतो, त्यावर औषधांची फवारणीही झालेली असते. तो भट्टीत घालू नये.

लागवडीच्या बाकीच्या चुका थोडक्यात सांगते. भातखाचराच्या सपाट जमिनीत लावाल तर मुळे कुजतील, गादीवाफा उंच करा. माडाच्या सावलीत गुलाब जगतो, फुलत नाही. कलमाचा डोळा भरलेल्या जागेच्या खालून येणारी खुंटाची फूट दिसताक्षणी काढा. संध्याकाळी पानांवर पाणी मारणाऱ्यांनी काळ्या ठिपक्यांची तक्रार करू नये. छाटणी पाऊस पुरता थांबल्यावरच करावी, नवरात्रातल्या एखाद्या कोरड्या दिवसाला भुलू नये.

आता भट्टी. माझा पुतण्या मुंबईहून आला तेव्हा आम्ही आजूबाजूच्या वाड्यांमधून बारा किलो फुले जमवली. ती खुडता खुडता साडेदहा वाजले, मग प्लॅस्टिकच्या गोणीत दाबून भरली आणि घरी पोचेपर्यंत दुपार झाली. गोणीत हात घातला तर आत ऊब धरली होती आणि वास ओल्या चहाच्या चोथ्यासारखा येत होता. तरीही आम्ही ती डेगेत, म्हणजे भट्टीवरच्या बंद भांड्यात, घातली. अर्ध्या तासाने पुतण्या म्हणाला, "काकू, आच वाढवू का? तेल कधी दिसणार?" मी नको म्हटले, आणि मी पाणी शेंदायला गेले तेवढ्यात त्याने लाकडे सारली. तळाच्या पाकळ्या लागल्या, वाफ गार करायच्या पिंपातले पाणी चटका बसेल इतके तापले, जोडाला लावलेली कणीक फुटून वाफ बाहेर पडू लागली आणि उरलेल्या पाण्याला उकडलेल्या कोबीचा वास आला.

त्याला तेल दिसणार नव्हतेच. एक किलो तेलासाठी साधारण साडेतीन ते चार हजार किलो फुले लागतात, म्हणजे बारा किलोंतून उत्तम कारागिराच्या हातीही जेमतेम तीन ग्रॅम. शिवाय गुलाबाच्या वासातला फिनाइल इथाइल अल्कोहोल हा मोठा घटक पाण्यात विरघळतो. म्हणून बल्गेरियातही पहिले पाणी पुन्हा ऊर्ध्वपातन करून त्यातले तेल वेगळे काढतात. घरच्या भट्टीचे खरे उत्पन्न ते पाणीच आहे आणि त्यात कमीपणा काही नाही.

माझी सवय अशी: आठच्या आत खुडणे संपवायचे, फुले वेताच्या टोपलीत पसरून आणायची, आणि किलोभर फुलांमागे लिटरभरच पाणी उतरवून थांबायचे. आच इतकी मंद की नळीतून थेंब मोजता यावेत. पिंपात दर थोड्या वेळाने हात घालायचा. पाणी कोमट लागले की निम्मे काढून विहिरीचे गार पाणी ओतायचे. थर्मामीटर आहे, पण त्याच्याकडे पाहत बसणारे विस्तव विसरतात.

ज्यांना तेलच हवे आहे त्यांनी ते विकत घ्यावे, मात्र स्वस्ताला भुलून नव्हे. आपल्या खानदेशातील गुलाबासारख्या वासाच्या रोशा गवताचे तेल एके काळी मुंबईमार्गे तुर्कस्तानात जाऊन गुलाबाच्या तेलात मिसळले जाई, आणि भेसळीचा तो धंदा आजही बंद पडलेला नाही. अस्सल तेल थंडीत गोठते, आमच्या उकाड्यात नाही. बाटली रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून पाहावी. मात्र ते गोठले म्हणजे अस्सलच असे समजू नये, कारण भेसळ करणाऱ्यांनाही ही परीक्षा पाठ असते.