गोव्यात स्पोर्ट्स कारला पारदर्शक फिल्म लावून घेताना

मी पर्वरीला गाड्यांना पेंट प्रोटेक्शन फिल्म, म्हणजे पीपीएफ, लावायचं काम करतो. मूळचा वाळपईचा. खडी आणि चिरे भरलेल्या टिपरच्या मागून गाडी चालवली की बॉनेटचं काय होतं, ते मला कुणी शिकवावं लागलं नाही. माझ्याकडे येणारा मालक आधी ब्रँड विचारतो, मग दर. दोन्ही विचारावंच. पण फिल्म पाच वर्षांनी कशी दिसणार हे मुख्यतः ठरतं ते ती चिकटवण्याआधी गाडीवर काय काम झालं आणि कडा कशा बसवल्या यावर. तिथे मालकाने लक्ष घातलं तर काम चांगलं होतं. म्हणून काय बघायचं आणि काय विचारायचं ते सांगतो. उदाहरणाला पोर्श ७१८ केमन ही स्पोर्ट्स कार घेतो, कारण या कामात जे जे अवघड असतं ते तिच्यात सगळं आहे.

आधी फिल्म कसली ते. चांगली फिल्म टीपीयूची, म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची असते. जाडी साधारण १५० ते २०० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). व्हिएतनाम युद्धाच्या काळात हेलिकॉप्टरच्या पात्यांना वाळू आणि खड्यांचा मार बसू नये म्हणून अशी फिल्म पहिल्यांदा वापरली गेली, गाड्यांवर ती नंतर आली. वरच्या थरावर बारीक ओरखडे पडले तर उष्णतेने ते आपोआप भरतात. गोव्यातल्या दुपारच्या उन्हाला तेवढं सहज जमतं. बारीक खडा, पक्ष्यांची घाण, आंब्याचा चीक, धुताना पडणाऱ्या जाळीदार रेषा, यांपासून ती रंग वाचवते. बाजूच्या स्कूटरने दरवाजाला पाडलेला पोचा ती अडवणार नाही, आणि अडवेल असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

स्वस्तात मिळते ती बहुधा पीव्हीसी, म्हणजे वेगळ्या, हलक्या दर्जाच्या प्लॅस्टिकची. टीपीएच म्हणून जे विकलं जातं ते बहुतेक त्याच जातीचं. आपल्या उन्हात ते लवकर पिवळं आणि कडक होतं, मग काढताना तुकड्या-तुकड्यांनी निघतं आणि गोंद रंगावर राहतो. कापलेला एक तुकडा मागून घ्या आणि ताणून सोडा. टीपीयू परत आकसते, पीव्हीसी ताणलेलीच राहते. रोलचा डबा तुमच्यासमोर उघडायला सांगा आणि रोल नंबरचा फोटो काढा. चांगली फिल्म परदेशीच असते असंही नाही, आपल्या छत्रपती संभाजीनगरात गरवारे ती बनवते.

आता कुठे लावायची. पूर्ण गाडीला लावायची ऐपत असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर बहुतेक लोक पुढचा बंपर, बॉनेट, पुढचे फेंडर, आरसे आणि हेडलाइट करून घेतात. साध्या सेडानला ते पुरतं. स्पोर्ट्स कारला पुरत नाही. हिचे टायर रुंद असतात, रबर मऊ असतं, रस्त्यावरचे खडे त्याला चिकटतात आणि पुढचं चाक ते मागे भिरकावतं. केमनची मागची बाजू पुढच्यापेक्षा रुंद आहे, त्यामुळे मार बसतो तो दरवाजाखालच्या पट्टीला आणि मागच्या चाकाच्या पुढे फुगलेल्या भागाला. तिथेच इंजिनला हवा देणारी खिडकीही आहे. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: बजेट मर्यादित असेल तर हलक्या दर्जाची फिल्म पूर्ण गाडीला लावण्यापेक्षा चांगली फिल्म पुढचा भाग, खालच्या पट्ट्या आणि मागचे फुगलेले भाग एवढ्यांनाच लावा. अर्ध्या बॉनेटला मात्र कधीच लावू नका. मधोमध जी कड येते तिच्यावर आपली तांबडी धूळ बसते आणि पांढऱ्या गाडीवर ती रेघ लांबून दिसते.

गाडी नवी असेल तर महिना, मुहूर्त काही बघू नका, रस्त्यावर येण्याआधी फिल्म लावा. गोव्याबाहेरून घेत असाल तर फ्लॅटबेडवर, म्हणजे गाडी वाहून नेणाऱ्या सपाट ट्रकवर आणा. चोर्ला, अनमोड किंवा आंबोली, कुठल्याही घाटातून पहिल्याच फेरीत चालवत आणली तर पहिले टवके घाटातच उडतात. डिलिव्हरीच्या वेळी डीलर सिरॅमिक कोटिंगचा, म्हणजे रंगावर द्रव लावून केलेल्या चकचकीत थराचा आग्रह करतो, त्याला नम्रपणे नाही म्हणा. कोटिंगवर फिल्मचा गोंद नीट धरत नाही. कोटिंग हवंच असेल तर ते फिल्म बसल्यावर तिच्यावर करता येतं.

जुनी गाडी असेल आणि वेळ हातात असेल तर एप्रिल संपण्याआधी काम उरकावं असं मी सांगतो. फिल्म लावल्यावर तिच्याखाली थोडं पाणी राहतंच, ते जायला काही आठवडे लागतात. जूनमध्ये पाऊस लागला की हवा इतकी ओली होते की ते पाणी निघायला जास्त दिवस घेतं, आणि ताज्या कडांवर चिखलाचा मार बसतो. पावसात काम होतच नाही असं नाही, पण मग खोलीला एसी आणि हवा कोरडी करणारं यंत्र हवंच.

खोली आधी जाऊन बघा. फोनवर भाव ठरवून थेट गाडी सोडणारे बरेच आहेत, त्यांना माझी ही एकच विनंती. पत्र्याची उघडी शेड असेल तर परत फिरा. चारही बाजूंनी बंद खोली हवी, जमीन ओली करून घेतलेली हवी, त्याच खोलीत दुसऱ्या गाडीचं पॉलिश किंवा ग्राइंडिंग चालू नसावं. पाणी कुठलं वापरतात ते विचारा. बोअरच्या पाण्यात बऱ्याच ठिकाणी लोह आणि क्षार असतात, ते फिल्मखाली बारीक ठिपके सोडतात. फिल्टरचं पाणी हवं. काम चाललेली एखादी गाडी दाखवा म्हणावं. ज्याला स्वतःच्या कामाबद्दल खात्री आहे तो आनंदाने दाखवतो.

गाडी ताब्यात देताना मालकाने अर्धा दिवस मोकळा ठेवावा. चांगला फिटर आधी रंगाची जाडी मोजतो. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास भरतो. एखाद्या भागावर आकडा २५०-३०० च्या वर गेला तर तिथे पुन्हा रंगकाम झालंय असं धरायचं. सेकंडहँड घेतलेल्या गाडीत ही गोष्ट कळणं फार गरजेचं आहे, कारण बाहेर मारलेला रंग कच्चा असेल तर पुढे फिल्म काढताना तो तिच्याबरोबर सोलून येतो. केमनचं बॉनेट आणि दरवाजे अॅल्युमिनियमचे आहेत. फक्त लोखंडावर चालणारा मीटर तिथे काहीच सांगत नाही, आणि प्लॅस्टिकच्या बंपरवर साधा मीटर चालत नाही. फिटरकडे कुठला मीटर आहे ते विचारायला लाजू नका. ताजं रंगकाम केलं असेल तर महिनाभर थांबा, रंगातलं थिनर बाहेर पडू द्या.

आधीचे टवके फिल्म झाकत नाही. खड्ड्यात हवा अडकते आणि तिथे पांढरा ठिपका दिसतो. म्हणून टचअप आधी, फिल्म नंतर. जे जे ओरखडे आहेत त्यांचे फोटो काढून जॉब शीटवर दोघांच्या सह्या घ्या. तुमच्यासाठी जेवढं चांगलं तेवढंच आमच्यासाठीही.

मग धुलाई, आणि इथेच मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. साधा शॅम्पू, मग डांबर काढणारं रसायन, मग लोहकण काढणारं. हे शेवटचं मारलं की गाडीवरून जांभळं पाणी ओघळतं. चकचकीत दिसणाऱ्या गाडीवरून ते ओघळताना बघून मालक गप्प होतात. ब्रेकची पूड, रस्त्यावरची धूळ, सगळं रंगात रुतून बसलेलं असतं. त्यानंतर क्ले, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणारी मातीसारखी मऊ वडी, मग हलकं पॉलिश, आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणं. दरवाजाच्या कडा, बॉनेटच्या फटी, दिव्यांभोवतीच्या खाचा मी कापसाच्या काड्यांनी साफ करतो. तांबडी माती फटीत एवढीशी राहिली तरी कड वळवताना पाण्याबरोबर ती बाहेर येते आणि फिल्मखाली जाऊन बसते. पुढे वर्षभरात कड सुटते ती बहुतेक वेळा त्याच जागी. त्यामुळे धुलाई किती तासांची ते विचारा. तासाभरात होते म्हणाले तर ती झालेली नसते.

फिल्म कापायच्या दोन पद्धती. एक, कॉम्प्युटरवरून प्लॉटरने गाडीच्या मापाचे तुकडे कापणं. दुसरी, रोलमधून मोठा तुकडा गाडीवर टाकून कटरने जागेवर कापणं. दुसऱ्या पद्धतीत कसबी हात असेल तर काम सुंदर होतं, पण पातं रंगावर फिरतं आणि एक चूक कायमची राहते. मी प्लॉटरने कापतो आणि कडेला थोडी जास्त फिल्म ठेवून ती आत वळवतो. आत वळवलेली कड दिसत नाही आणि धूळही धरत नाही. तुमचा फिटर काय करणार, नावाच्या पट्ट्या आणि दिवे काढणार की त्यांच्याभोवती कापणार, हे आधी बोलून घ्या.

फिल्मखाली बेबी शॅम्पू मिसळलेलं पाणी मारतात, त्यावर ती सरकते. जागेवर आली की कडेला अल्कोहोल-पाण्याचं मिश्रण मारून ती पकडवतात आणि स्क्वीजीने, म्हणजे पाणी ओढायच्या पट्टीने, मधून बाहेर पाणी काढतात. बॉनेट सोपं. खरी परीक्षा बंपरची. रोल १.५२ मीटर रुंद असतो, म्हणून तो आडवा टाकून बंपर एका तुकड्यात करतात. केमनच्या बंपरला खोल हवेच्या खिडक्या आहेत, तिथे फिल्म जास्त ताणली की गोंदाच्या रेषा उमटतात, आणि ताणलेली फिल्म काही महिन्यांनी परत मूळ जागी ओढली जाऊन कड सोडते. फातोर्ड्याचे एक मालक मला म्हणाले, “भाई, कुठेही जोड नको, पाहिजे तर जास्त घ्या.” मी त्यांना दोन तुकडे हातात देऊन दाखवले, एक ताणलेला आणि एक साधा. मग खिडकीच्या आत, सावलीत, जोड द्यायला ते तयार झाले. खोल जागी नीट लपवलेला जोड ताणलेल्या फिल्मपेक्षा चांगला.

पूर्ण गाडीला तीन ते पाच दिवस लागतात. एका दिवसात देतो म्हणणाऱ्याकडे गाडी देऊ नका.

गाडी घेताना आधी ट्यूबलाइटखाली आणि मग उन्हात, दोन्हीकडे बघा. पाण्याचे फुगे आणि हलका धूसरपणा चालतो, काही आठवड्यांत जातो. सुई टोचू नका. बोटाने दाबल्यावर फुगा सरकला तर ते पाणी. मध्ये टणक कण लागला तर ती घाण, तो तुकडा बदलून मागा. सुरकुती, गोंदाची रेष, उचललेला कोपरा, रंगावर पात्याची ओळ, यांतलं काहीही आपोआप बरं होत नाही, म्हणून तिथेच बोला.

वॉरंटी कार्डावर रोल नंबर आणि फिल्मचं नेमकं मॉडेल लिहून घ्या. वॉरंटी सहसा पिवळं पडणं, तडकणं, सुटणं यांची असते, खड्याने फाटल्याची नाही. तुकडा बदलताना मजुरी कोण देणार हे लेखी हवं. फिल्मचं बिल विमा कंपनीला दाखवून ती पॉलिसीत धरतात का ते विचारा, नाहीतर अपघातानंतर नवा बंपर मिळतो आणि फिल्म स्वतःच्या खिशातून लावावी लागते. पारदर्शक फिल्मने गाडीचा रंग बदलत नाही. रंगीत फिल्म लावून रंगच बदलायचा असेल तर आधी आरटीओत चौकशी करा, कारण आरसीवर रंग नोंदलेला असतो.

पहिला आठवडा गाडी धुवायची नाही. नंतर प्रेशर वॉशर फूटभर तरी लांब धरा आणि धार कडेवर तिरकी मारू नका. कांदोळी, मिरामारसारख्या ठिकाणी समुद्राजवळ गाडी लावत असाल तर आठवड्यातून एकदा साध्या पाण्याने मीठ उतरवा. बदामाच्या झाडाखाली वटवाघळांची घाण पडते, ती सुकली की फिल्मवरही डाग धरते. ओला कपडा दहा मिनिटं ठेवून मऊ करा आणि मग उचला, घासू नका. पावसाळ्यात ओलं कव्हर घालून गाडी ठेवू नका, आतली दमट हवा कडांना सोडवते.

पाऊस संपला की सगळ्या कडांवरून एकदा बोट फिरवा. कुठे उचललेली लागली तर ओढू नका, ब्लेडने कापू नका, घरच्या गोंदाने चिकटवायचा प्रयत्न तर अजिबात नको. वेळेत आणली तर ती कड साफ करून गरम हवेने परत बसते. फिल्मचं आयुष्य संपलं, पिवळी झाक दिसू लागली, की ती काढून टाकायला उशीर करू नका. जितकी जुनी तितकी ती ठिसूळ होते. काढताना गरम हवा देत, तिरक्या कोनात, सावकाश ओढायची असते. एका बॉनेटला मला कधीकधी अख्खी सकाळ लागते.