मशीन गुणगुणतंय, पण कपडे हलेनात

नळाला पाणी येऊन गेलं की दुसऱ्या दिवशी सकाळपासून माझा फोन वाजतो. सोलापुरात पाणी रोज येत नाही. चार-पाच दिवसांचं धुणं साठतं आणि नळ आला की सगळं एकदम मशीनमध्ये कोंबलं जातं. मग ठरलेलं वाक्य ऐकायचं: "भाऊ, आवाज येलालाय ओ, पण कपडे फिरंनात."

मी मूळचा जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत 14 वर्षं पॉवरलूमवर काढली, मग मशीन दुरुस्तीकडे वळलो. माग बंद पडल्यावर आधी पान्हा उचलतो तो कच्चा जॉबर. पक्का आधी उभा राहून ऐकतो. वॉशिंग मशीनही वेगळं काही नाही: मोटर, पुली, पट्टा आणि टबाच्या तळाशी फिरणारी चकती. खाली लिहिलंय ते मुख्यतः सेमी ऑटोमॅटिकचं आहे, कारण आमच्या भागात अजून तेच जास्त. फुल ऑटोमॅटिकचं शेवटी सांगतो.

सगळ्यात आधी कपडे बाहेर काढा. सगळे. टबात नुसतं पाणी ठेवा आणि वॉशचा टायमर फिरवा. चकती मस्त फिरली तर मशीन चांगलं आहे, दोष भरण्याचा आहे. मशीनवर सहा किंवा सात किलो लिहिलेलं असतं ते कोरड्या कपड्यांचं वजन. आणि इथं प्रत्येक घरात सोलापुरी चादर! जेकार्ड मागावर विणलेली जाड सुती चादर, कोरडी असताना घडी घालून काखेत मारता येते, पण भिजली की दोन माणसांनी उचलावी लागते. तीन चादरी आणि वर चार टर्किश टॉवेल घातले तर चकती कुठून फिरणार? एका वेळी एकच चादर, तीही पाणी वरच्या खुणेपर्यंत घेऊन. माझ्या घरी तर चादरी घंगाळात भिजवून पायानं तुडवतो. बायको म्हणते, मशीनवाल्याच्या घरात हे काय? मी म्हणतो, मशीनवाल्याच्याच घरात हे.

नुसत्या पाण्यातही चकती फिरत नसेल तर कान द्या.

काहीच आवाज नाही? स्पिनची बाजू चालते का बघा. चालत असेल तर वीज येतेय, घोळ वॉशच्या टायमरमध्ये, स्विचमध्ये किंवा वायरीत आहे. काही मशीनमध्ये पाणी सोडायचा खटका "ड्रेन"वर राहिला तरी वॉश चालत नाही. या एका कारणासाठी मी जुळे सोलापूरपर्यंत दोनदा जाऊन आलोय. दुसरं म्हणजे मोटर तापून स्वतःहून बंद झालेली असू शकते. एप्रिल-मेमध्ये पारा 42च्या पुढे जातो, मशीन गच्चीवर पत्र्याखाली असतं आणि लागोपाठ चौथा घाणा चाललेला असतो. अर्धा-पाऊण तास थांबा. परत चालू झालं तर मशीनला सावलीत हलवा, मला बोलावू नका.

नुसतं "हूंऽऽ" करतंय आणि हलत नाही? लगेच प्लग काढा. अडकलेल्या मोटरला वीज देत राहिलं तर वायंडिंग, म्हणजे आतलं तारांचं वेटोळं, जळतं आणि स्वस्तातलं काम महाग होतं. प्लग काढूनच चकती हातानं फिरवून बघा. घट्ट बसली असेल तर खाली काहीतरी अडकलंय किंवा बेअरिंग गेलंय. सहज फिरत असेल तर बहुतेक कंडेन्सर, म्हणजे मोटरला फिरायला जोर देणारा डबा, कमजोर झालाय. संध्याकाळी व्होल्टेज पडल्यावरच असं होत असेल आणि सकाळी नीट चालत असेल, तर आधी विजेचं बघा.

मोटरचा आवाज खणखणीत, पण चकती थांबलेली किंवा आळसावलेली? मग पट्टा. दहातली सहा कामं माझी हीच असतात. याची हातानं परीक्षा अशी: पट्टा जागेवर असला की चकती फिरवताना खालची मोटरही ओढली जाते, त्यामुळे हाताला थोडा भार लागतो. भिंगरीसारखी मोकळी फिरली तर पट्टा तुटलाय, निसटलाय किंवा चकतीचे दाते गेलेत.

पट्टा बघायला पाणी पूर्ण सोडा, प्लग काढा, जमिनीवर पोतं अंथरून मशीन अलगद आडवं करा. एकट्यानं करू नका. खाली काळी भुकटी सांडली असेल तर पट्टा घासतोय हे न उघडताच कळतं. दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्यानं दाबा. सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर दबला पाहिजे. लोंबत असेल पण फाटला नसेल, तर मोटरचे बोल्ट थोडे सैल करा, त्यांची भोकं लांबट असतात. मोटर बाहेरच्या बाजूला ओढून परत आवळा. फार ताणू नका, नाहीतर पट्टा टिकेल आणि बेअरिंग बोंबलेल. पट्ट्याची आतली बाजू काचेसारखी चकचकीत झाली असेल किंवा चिरा असतील तर नवा घ्या. नंबर पट्ट्यावरच छापलेला असतो. पुसला असेल तर जुना तुकडा घेऊन दुकानात जा, अंदाजानं आणू नका. मागावर पट्टा सरकला की आम्ही राळ लावायचो. ती अक्कल इथं वापरू नका, दोन दिवसांत सगळं चिकट होऊन बसतं.

पट्टा ओला आणि वर गंजाचं लालसर पाणी ओघळलेलं दिसलं तर थांबा. टबाखालचं सील गळतंय. सील न बदलता घातलेला नवा पट्टाही महिन्याभरात सरकणार. पुष्कळजण इथं फसतात आणि पट्ट्याला शिव्या देतात.

आता चकती. मधला स्क्रू काढला की ती वर ओढून निघायला हवी, पण आपल्याकडच्या जड पाण्याचा पांढरा थर बसून ती जाम होते. कोमट पाणी आणि थोडं व्हिनेगर ओतून तासभर ठेवा, मग कडेच्या भोकांत दोन बाजूंनी दोरी अडकवून सरळ वर ओढा. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, टबाला भोक पडलं की खेळ संपला. चकतीखाली मला काय काय सापडलंय! रुपयाची नाणी, ब्लाउजचे हुक, सेफ्टी पिना, गड्ड्याच्या यात्रेतली पोराची शिट्टी. कुंभारीच्या घरकुलात एका विडी कामगार मावशींच्या मशीनमध्ये तेंदूपत्त्याच्या कातरणाचा इतका लगदा होता की चकती त्यावर तरंगत होती. मावशी म्हणाल्या, "पदरात राहतंय की रे बाळा, झटकायला येळ कुठं हाय?" आता त्यांची सून कपडे उलटे करून झटकते.

चकती निघाली की तिच्या मागच्या भोकातले दाते बघा. गुळगुळीत झाले असतील तर दांडा फिरतो आणि चकती जागेवर राहते. नवी घेताना घेर मोजा आणि दातेही मोजा, वरून सारख्या दिसणाऱ्या चकत्यांचे दाते वेगळे असतात.

कंडेन्सरबद्दल एक किस्सा. साखर पेठेतल्या एका आजोबांना कुणा मेकॅनिकनं गिअरबॉक्स (पुली आणि चकतीच्या मधला दात्यांचा डबा) गेला म्हणून मोठा आकडा सांगितला होता. मी गेलो, मशीन हुंकारत होतं, चकती हाताला हलकी, पट्टा ठणठणीत. कंडेन्सर फुगलेला. बदलला, चाललं. तेव्हा गिअरबॉक्सचं नाव निघालं की आधी एवढं विचारा: कंडेन्सर बदलून बघितला का? गिअरबॉक्स खरंच गेला असेल तर खरखर किंवा टकटक ऐकू येते, शांत बसत नाही तो.

पण कंडेन्सरला हात घालायचा असेल तर जपून. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहते आणि झटका बसतो. हातात जुना पिवळा बल्ब आणि होल्डरला जोडलेल्या दोन वायरी असतील, तर त्यांची टोकं कंडेन्सरच्या टोकांना लावून साठलेली वीज उतरवून घ्या. हे वाक्य वाचून पोटात गोळा आला असेल तर हे काम इलेक्ट्रिशियनला द्या. नवा घेताना जुन्यावर छापलेला मायक्रोफॅरडचा आकडा आणि व्होल्टेज बघा. आकडा तोच, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त.

चकती एकाच बाजूला फिरते, थांबते, आणि उलटी फिरायच्या वेळी गप्प राहते? कपड्यांचे दोरखंड होऊन निघतात? तो टायमर. आतले संपर्क जळलेले असतात. टायमर बदलताना प्रत्येक वायरीचा मोबाईलवर फोटो काढा. रंगांवर विश्वास ठेवू नका, आधीच्या माणसानं काय केलंय देव जाणे.

फुल ऑटोमॅटिकमध्ये ठरलेल्या पातळीपर्यंत पाणी भरल्याशिवाय ते घुसळतच नाही. टाकी रिकामी असली किंवा पाण्याच्या नळीतली जाळी क्षारानं बुजली असली की ते नुसतं वाट बघत बसतं. नळी काढा, जाळी चिमट्यानं ओढा, जुन्या ब्रशनं घासा. पाणी भरूनही गप्प असेल, किंवा धुताना चकतीबरोबर आतला टबही गोल फिरत असेल, तर क्लच आणि कार्डाची (आतल्या इलेक्ट्रॉनिक पट्टीची) कामं निघतात. ती घरी करू नका.

काम झालं की कपडे न घालता पाच मिनिटं पाण्यावर चालवा. दोन्ही बाजूंना फिरलं पाहिजे आणि रबर जळल्याचा वास यायला नको. बॉडीला टेस्टर लावून करंट येत नाही ना ते बघा, अर्थिंगही तपासून घ्या. उन्हाळ्यात आपली जमीन इतकी सुकते की अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतावं लागतं.

आणि मशीन उभं करायच्या आधी खालची उघडी बाजू बघा. उंदीर तिथूनच आत शिरतो आणि आधी पट्टा खातो, मग वायरी. बारीक तारेची जाळी ठोकून घ्या. नाहीतर पुढच्या वेळी उंदीर हाकलायला मला बोलावलंत तरी पैसे मी पट्ट्याचेच घेणार.