भाड्यासाठी फ्लॅट की स्वतंत्र घर? मुंबईत या चुका टाळा

भाड्याच्या उत्पन्नासाठी घर घेणाऱ्यांची पहिली चूक हिशेबातच होते. समजा, 1 कोटी 20 लाखांचा वन बीएचके महिना 30,000 रुपये भाड्याने जातो; वर्षाचे 3,60,000 म्हणजे 3 टक्के, असे म्हणून बहुतेक जण तिथेच थांबतात. सोसायटीचे दरमहा 4,500 रुपये, भाडेकरू बदलताना रिकामा गेलेला एक महिना आणि दलालाला दिलेले एका महिन्याचे भाडे वजा केले, की हाती 2,46,000 उरतात आणि परतावा जेमतेम 2 टक्क्यांवर येतो. स्वतंत्र घराशी तुलना या उरलेल्या आकड्याची करावी.

‘मेंटेनन्स नाही’ या शब्दांना भुलून बैठे घर किंवा रो-हाउस घेणे ही दुसरी चूक होय. सोसायटीत गच्ची गळली तर खर्च सर्व सभासदांत वाटला जातो. स्वतंत्र घरात गच्चीचे वॉटरप्रूफिंग, पाण्याची टाकी, पंप आणि ड्रेनेज या सगळ्यांचा भार एकाच खिशावर पडतो. म्हणून असे घर जुलैत पाहावे, छताच्या कोपऱ्यातले पोपडे तपासावेत आणि भिंतीला लागून असलेले कपाट सरकवून मागची ओल हाताने चाचपावी. मे महिन्यात ताजा रंग दिलेले घर घाईने गळ्यात मारू पाहणाऱ्या दलालावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

गावठाणातली घरे किंवा चारकोप, गोराईतील म्हाडाची बैठी घरे स्वस्त वाटली, तर त्या स्वस्ताईचे कारण बहुधा कागदपत्रांत सापडते. मालमत्ता पत्रकावर (प्रॉपर्टी कार्डवर) विकणाऱ्याचे नाव आहे का, इतर वारसांची संमती आहे का आणि वरचा मजला मंजूर आहे का, हे वकिलाकडून तपासून घ्यावे, कारण अनधिकृत मजल्यावर पालिकेची नोटीस आली की त्याचे भाडेही धोक्यात येते. फ्लॅट घेताना भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहण्यायोग्य असल्याचा पालिकेचा दाखला, आणि जमिनीचे अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, हे पाहावे.

अख्खी जुनी चाळ स्वस्तात मिळते म्हणून घेणाऱ्यांची गत आणखी अवघड होते. पागडीच्या, म्हणजे सुरुवातीला मोठी रक्कम देऊन नाममात्र भाड्यावर राहणाऱ्या, भाडेकरूंना कायद्याचे संरक्षण असते आणि त्यांचे भाडे वर्षाला साधारण 4 टक्क्यांनीच वाढवता येते.

फ्लॅट भाड्याने दिल्यावर सोसायटी भरमसाट बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलची आकारणी) लावत असेल, तर 1 ऑगस्ट 2001 च्या शासन निर्णयाचा आधार घ्यावा. सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांहून अधिक आकारणी त्यात बसत नाही आणि त्याविरुद्ध सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करता येते.

फ्लॅट असो वा घर, करार नोंदणीकृतच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार ती जबाबदारी मालकाची असून, लेखी नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठरावीक काळापुरती राहण्याची परवानगी देणाऱ्या कराराची, मुदत संपूनही माणूस हलत नसेल, तर कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा. त्या काळासाठी दुप्पट शुल्क मागण्याची तरतूदही तिथेच आहे.