मोबाइलवरच्या प्रचाराचा ‘मुद्रक-प्रकाशक’ कसा शोधायचा

आमची प्रेस कोल्हापुरात मंगळवार पेठेत आहे. वडिलांनी ती ट्रेडलवर, म्हणजे पायानं चालवायच्या छपाई यंत्रावर, सुरू केली आणि खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायला मी तिथंच शिकले. निवडणुकीच्या पत्रकाचं प्रूफ हातात आलं की वडील सगळ्यात आधी तळाची ओळ बघायचे : मुद्रक, प्रकाशक, दोघांचे पत्ते, प्रतींची संख्या. ती ओळ नसेल तर गिऱ्हाईक कितीही मोठं असो, मशीन सुरू व्हायची नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951, कलम 127 क. प्रकाशकानं सहीनिशी निवेदन द्यायचं, त्याला ओळखणाऱ्या दोघांनी त्यावर सही करायची, आणि छापलेली प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे जायची. हे मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आता पत्रकं कमी झालीत आणि प्रचार मोबाइलवर गेलाय. 2019 च्या लोकसभेला ‘आमचं ठरलंय’ ही दोन शब्दांची ओळ कोल्हापुरातनं निघाली आणि स्टेटस, डीपी करत महाराष्ट्रभर गेली, ते आपण सगळ्यांनी बघितलंय. पण पत्रकाला असते तशी तळओळ मोबाइलवर आपोआप समोर येत नाही. ती शोधावी लागते, आणि तेवढी मेहनत प्रत्येक मतदारानं घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

2024 च्या विधानसभेआधीची गोष्ट. शेजारच्या काकू फोन घेऊन काउंटरवर आल्या. “बातमी आलीया बघ. मी सकाळीच तिघींना पाठवलो.” पानाचं नाव जिल्ह्याच्या नावावरून ठेवलेलं, मांडणी हुबेहूब बातमीची, आणि मजकूर एका उमेदवाराच्या कौतुकाचा. मी बोट ठेवून दाखवलं, पानाच्या नावाखाली बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ असं होतं. काकू गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे पैसे देऊन?”

सुरुवात इथूनच करायची. फेसबुक-इन्स्टावर कुठलीही राजकीय पोस्ट दिसली की नावाखाली ‘प्रायोजित’ आहे का बघा. राजकीय जाहिरात असेल तर तिथंच पैसे कुणी दिले त्याचं नावही असायला हवं. मग कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर दाबून ‘मला ही जाहिरात का दिसते आहे’ हे उघडा. वय, गाव, आवड, कशावरून तुम्हाला निवडलंय ते तिथं कळतं.

त्यानंतर मेटाची, म्हणजे फेसबुक-इन्स्टा चालवणाऱ्या कंपनीची, अ‍ॅड लायब्ररी. गूगलवर याच नावानं शोधा, देश भारत निवडा, वर्ग निवडणूक-राजकारणाचा घ्या आणि पानाचं नाव टाका. भारतात ही सोय 2019 पासून आहे आणि राजकीय जाहिराती तिथं सात वर्षं ठेवल्या जातात. खर्च किती ते ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असं दिसतं, किती वेळा दाखवली ते दिसतं, कुठल्या वयाच्या बायकांना-पुरुषांना दाखवली त्याचा तक्ता दिसतो. काकूंचं ते पान आम्ही तिथं काढलं. त्याच उमेदवाराच्या सात वेगवेगळ्या जाहिराती निघाल्या. एकीत ऊसदर, एकीत नोकरी, एकीत बायकांसाठीच्या योजना. मग पान कधी सुरू झालं, आधी नाव काय होतं ते सांगणारं ‘पेज ट्रान्सपरन्सी’ उघडलं. पान चार महिन्यांपूर्वी सुरू झालेलं आणि आधीचं नाव भलतंच, राजकारणाशी काडीचाही संबंध नसलेलं.

त्या सात जाहिरातींवर मी अजून विचार करते. कोल्हापुरात राजकारण्यांचं आव्हान ठरलेलं असतं, ‘बिंदू चौकात या’. चौकात उभं राहून बोललं की रिक्षावाला, व्यापारी, कॉलेजची पोरं, सगळे तेच ऐकतात. ऊसवाल्याला एक आणि साखर घेणाऱ्या गिऱ्हाइकाला दुसरं सांगितलं तर तिथल्या तिथं पकडलं जातं. मोबाइलवर मात्र प्रत्येकासाठी चौक वेगळा, आणि शेजारच्या चौकात काय चाललंय ते आपल्याला ऐकू येत नाही. म्हणून लायब्ररीत गेलात तर तुम्हाला आलेली एकच जाहिरात बघून थांबू नका, त्या पानाच्या सगळ्या बघा. घरातल्या चौघांचे फोन शेजारी शेजारी ठेवून बघा. आमच्या घरी मुलाच्या फोनवर आणि माझ्या फोनवर एकाच पक्षाचं बोलणं वेगळं होतं.

यूट्यूबवरच्या जाहिरातींसाठी गूगलचं अ‍ॅड्स ट्रान्सपरन्सी सेंटर आहे. निवडणुकीची जाहिरात कुणाला दाखवायची ते गूगलवर वय, स्त्री की पुरुष, पिनकोडसारखं ठिकाण आणि जाहिरात कुठल्या विषयाच्या पानावर-व्हिडिओवर लावायची एवढ्यावरूनच ठरवता येतं, त्यामुळे तिथली निवड थोडी ढोबळ असते.

खरी भोकं दोन. एक, ज्या रीलवाल्याला रोख पैसे देऊन उमेदवाराचं कौतुक करवून घेतलंय, ते कुठल्याच लायब्ररीत येत नाही. त्याची आधीची महिन्याभराची रील्स बघा, अचानक सूर बदललाय का ते कळतं. दुसरं व्हॉट्सअ‍ॅप. तिथं पैशाची नोंदच नाही. 2018 पासून भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येतं, आणि 2020 पासून, बऱ्याच हातांतून आलेला मेसेज एका वेळी एकालाच. त्यावर दुहेरी बाण असतो. दुहेरी बाण दिसला की हात आवरा. निवडणूक नसतानाही हेच : आमची पंचगंगा नदी चढायला लागली की दरवर्षी 2019 च्या पुराचे व्हिडिओ ‘आत्ताचे’ म्हणून फिरतात. तेव्हा नदीची पातळी जिथं मोजतात त्या राजाराम बंधाऱ्याची आजची फुटांतली पातळी आधी बघायची, इशारा 39 आणि धोका 43. व्हिडिओतली एखादी चौकट स्क्रीनशॉट करून गूगल लेन्सवर टाकली तर जुना व्हिडिओ बऱ्याचदा सापडतो. जून 2023 मध्ये मोबाइलच्या स्टेटसवरून शहरात दगडफेक कशी झाली, इंटरनेट कसं बंद पडलं, ते मी दुकानाचं शटर ओढून आतून बघितलंय.

बनावट आवाज आणि चेहऱ्यांचे व्हिडिओ आता ओळखायला कठीण झालेत. ओठ आणि शब्द जुळतात का, एवढ्यावर विसंबू नका. तो माणूस खरंच तसं बोलला असेल तर बहुधा दोन-तीन वर्तमानपत्रांत त्याची बातमी असते. असा व्हिडिओ लक्षात आणून दिल्यावर पक्षानं तो तीन तासांत काढायचा, असं निवडणूक आयोगानं मे 2024 मध्ये सांगितलंय.

तक्रार करायची तर आधी पुरावा. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, लिंक, तारीख, वेळ, पानाचं नाव आणि लायब्ररीत दिसलेलं पैसे देणाऱ्याचं नाव. आयोगाचं आचारसंहिताभंगाच्या तक्रारीसाठीचं सी-व्हिजिल अ‍ॅप रस्त्यावरच्या विनानावाच्या फ्लेक्ससाठी चांगलं, कारण त्यात जागेवर काढलेलाच फोटो चालतो, गॅलरीतला नाही. मोबाइलवरच्या जाहिरातीसाठी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी द्या. अर्जात दोन गोष्टी विचारा : माध्यम प्रमाणीकरण समितीकडून ही जाहिरात मंजूर करून घेतली होती का, आणि तिचा खर्च उमेदवाराच्या हिशोबात धरलाय का. विधानसभेला एका उमेदवाराची मर्यादा 40 लाख आहे, आणि सोशल मीडियाचा खर्च त्यातच बसवावा लागतो. महापालिकेची निवडणूक असेल तर अर्ज राज्य निवडणूक आयोगाच्या यंत्रणेकडे, तिथले नियम आणि रकमा वेगळ्या.

मतदान संपण्याआधीच्या 48 तासांत जास्त जागं राहा. जाहीर प्रचार थांबलेला असतो, फोन थांबलेला नसतो. त्या दोन दिवसांसाठी काकूंनी आमच्या काउंटरवर एक शंभरपानी वही ठेवलीय. डाव्या पानावर काय आलं, उजव्या पानावर कुणी पाठवलं आणि पैसे कुणाचे. रकाने त्यांनीच पट्टीनं आखलेत.