एकच हालचाल तासभर कॅमेऱ्यासमोर कशी करायची (अन् लूप का लावायचा नाही)

'मी कोण' हे दाखवणारा व्हिडिओ परफॉर्मन्स, म्हणजे कॅमेऱ्यासमोर स्वतःच काहीतरी करून दाखवायची कला, करायचाय म्हणून पोरं-पोरी विचारायला येतात, अन् निम्म्यांनी आधीच मुखवटा, आरसा नाहीतर लाल दोरा आणून ठेवलेला असतो. ते सगळं परत ठेवून या. 'मी कोण' दाखवायला सामान लागत नाही, तुमच्या हाताला न बघता जे येतं ते घ्या, वाकळीला टाके घालणं, पटका बांधणं, सही करणं, काहीही. मी भाकरी थापणं घेतलं, कारण आमच्या लातूरकडं नववं-दहावं वरीस लागलं की पोरीला परातीसमोर बसवतातच, अन् माझा हात आईसारखाच फिरतो हे मला पहिल्यांदा कॅमेऱ्यातच दिसलं.

मग नियम. काय करणार अन् कधी थांबणार, एका कागदावर लिहा. माझा असा होता: ज्वारीच्या पिठाचा एकच गोळा, थापायचा, मोडायचा, मळायचा, परत थापायचा, तव्यावर टाकायचा नाही, काठ जुळेनासे झाले की संपलं. "कंटाळा आला की थांबू" हा नियम नाही.

मोबाईल स्टुलावर विटांच्या आधारानं उभा करा, एअरप्लेन मोड, स्क्रीन दाबून धरून फोकस अन् उजेड लॉक. ट्यूबलाईटखाली असाल तर सेकंदाला २५ फ्रेम अन् शटर १/५० सेकंद ठेवा, आपली लाईट ५० हर्ट्झची आहे, नाहीतर चित्र लुकलुकतं. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत उरका, मे महिन्यात पत्र्याखाली माझा फोन १८व्या मिनिटाला तापून बंद पडला होता.

आता खरी गोची. पहिली दहा मिनिटं कुणालाही जमतात, पंधराव्याच्या पुढं तुम्ही नाटक करायला लागता अन् ते तुम्हाला कळतही नाही. माझे दोन टेक यातच गेले. पहिल्यात मी खरं दमायच्या आधीच दमल्यासारखं केलं, सुस्कारे काय, मनगटानं घाम पुसणं काय, नंतर बघताना अक्षरशः लाज वाटली, जुन्या पिक्चरमधली दुखियारी आई झाले होते. दुसऱ्यात कला वाटावी म्हणून हळू थापलं, आता सांगा, इतकी हळू भाकरी कोण थापतं? घरी ज्या वेगात करता त्याच वेगात करा, तोंडावर भाव आणू नका, मनात आकडे मोजू नका कारण ओठ हलतात, सगळं ध्यान गोळ्यात ठेवा. तिसऱ्या टेकला तेच केलं. पंचविसाव्या वेळेच्या आसपास पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली, काठ चिरायला लागले, हात आपसूक पाण्याच्या वाटीकडं जायला लागला, अन् थापेचा आवाजसुद्धा बदलला, आधी घट्ट होता तो फसफशीत झाला. मी वेगळं काहीच केलेलं नव्हतं.

मध्येच सासूबाई आल्या, "पिठाची नासाडी कशाला करायलीस गं?" मी मान वर न करता म्हणाले, "शेळीला घालते की." ते कापू नका, चुकलेलं तर अजिबात कापू नका. तेहचिंग शे या परफॉर्मन्स कलाकारानं न्यूयॉर्कमध्ये ११ एप्रिल १९८० पासून वर्षभर, रात्रंदिवस, दर तासाला कामगारांसारखं टाइम क्लॉक, म्हणजे हजेरीची वेळ कार्डावर छापणारं घड्याळ, पंच केलं, ८,७६० पैकी १३३ पंच हुकले, त्यातले ९४ झोपेपायी, अन् हे हुकलेले त्यांनी कारणासकट नोंदवून ठेवले.

अन् काही जण सल्ला देतात, की पाच सेकंद शूट करा अन् लूप लावा, म्हणजे तोच तुकडा परत परत चालवा! ती एकच भाकरी चाळीस वेळा दाखवली, कुणाचा हात दुखला त्यात? शे यांनी दर पंचाला एक फ्रेम घेऊन केलेली वर्षभराची फिल्मसुद्धा सहाएक मिनिटांचीच आहे, पण तिची प्रत्येक फ्रेम वेगळ्या तासाची आहे, सुरुवातीला डोकं भादरलं होतं ते केस बघता बघता खांद्यापर्यंत येतात.

एडिटिंग म्हणजे फक्त पुढचं-मागचं छाटणं. म्युझिक नको.

दाखवताना पूर्ण लांबीचा दाखवा, लोक उठून गेले तर जाऊ द्या. मी गल्लीतल्या बायांना ओसरीच्या भिंतीवर दाखवला, अर्ध्या उठून गेल्या, पण काठ चिरायला लागले तशा राहिलेल्या दोघी-तिघी भिंतीकडं बघून ओरडायला लागल्या, "अगं पाणी लाव की, पाणी लाव!"