गाय अडली तर दोराआधी घड्याळ बघा

आपल्याकडं गाय अडली की चार जण गोळा होतात आणि पाचवा लांबूनच ओरडतो "ओढा की रे". मी पण ओढलंय. एचएफ क्रॉसची (होल्स्टीन संकरित) कालवड, पहिलंच वेत, रात्रीचे दोन, एकच पाय बाहेर, दुसरा कुठंय ते न बघता कासरा बांधला. वासरू गेलंच, कालवड पण तीन दिवस उठली नाही.

तर पाणमोट (वासराभोवतीची पाण्याची पिशवी) दिसली की टाइम बघून ठेवा. जुनी गाय तासाभरात मोकळी होते, कालवडीला दोन तास लागू शकतात. दर थोड्या वेळानं काहीतरी पुढं सरकत असेल तर लांब बसा. पण अर्धा तास जोरात कळा देऊन काहीच हलत नसेल तर आधी डॉक्टरला फोन लावा नाहीतर १९६२ या जनावरांच्या सरकारी हेल्पलाइनला, आणि ते येईपर्यंत आत काय आहे ते तपासा.

अंगठी घड्याळ काढा, नखं कापा, हात कोपराच्या वरपर्यंत आणि गायीची मागची बाजू साबणानं धुवा. लांब हातमोजे घालाच, ब्रुसेला (जनावराचा गाभ पाडणारा रोग) माणसाला पण होतो. मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन नसेल तर स्वच्छ गोडंतेल चालतं, भरपूर लावा. हात दोन कळांच्या मधेच आत सरकवायचा.

दोन पाय आणि त्यावर टेकलेलं नाक लागलं तर वासरू सरळ आहे. नुसते पाय लागले तर खुरापासून वरचे दोन सांधे दुमडून बघा, दोन्ही एकाच बाजूला वाकले तर पुढचा पाय, उलटसुलट वाकले तर मागचा. तळवा वर की खाली यावर जाऊ नका, वासरू उताणं पण असू शकतं. आणि दोन्ही पाय एकाच वासराचे आहेत का ते वर छातीपर्यंत चाचपून घ्या, जुळं असलं तर घोटाळा होतो.

एक पाय मागं राहिला असेल तर कळ थांबल्यावर वासरू आत ढकला, खूर तळहातात झाकून (नाहीतर गर्भपिशवी फाटते) हळूच पुढं आणा. मुंडी मागं वळलेली असेल किंवा वाट स्क्रूसारखी पिळलेली लागली तर हात बाहेर काढा, ते डॉक्टरचं काम. म्हशीत हा पीळ जास्त बघायला मिळतो.

सगळं सरळ असेल तरच दोर. घोट्याच्या वर एक फास, घोट्याच्या खाली अजून एक अढी (अर्धी गाठ). जास्तीत जास्त दोन माणसं, ती कळ देईल तेव्हाच ओढायचं, आधी एक पाय मग दुसरा, म्हणजे खांदे एकामागोमाग निघतात. मुंडी बाहेर आली की खाली, गायीच्या खुरांच्या दिशेनं ओढा. वासरू मागच्या पायांनी येत असेल तर कंबर निघाल्यावर थांबायचं नाही, नाळ दबते आणि आतच गुदमरतं. ट्रॅक्टर लावू म्हणणाऱ्याला चहा आणायला पाठवा.

बाहेर आल्यावर नाकातोंडातला चिकटा पुसा, नाकात काडी घाला म्हणजे शिंकतं, बारदानानं खसाखसा चोळा, बेंबीला आयोडीन लावा. चीक दोन तासाच्या आत पाजा, दीड-दोन लिटर. वार (झार) पडल्याशिवाय धार काढायची नाही असं आमच्याकडची म्हातारी माणसं अजून सांगतात, ते ऐकू नका, त्यात वासराचेच हाल. आणि १२ तासात वार पडली नाही तर तिला दगड, चप्पल काही बांधायचं नाही, डॉक्टरला परत बोलवा.